केमो चालू असताना रक्त कमी होणं: बीट, गोळ्या, लोहाची सलाईन की रक्ताची पिशवी?

बोरीकाठचा (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं आहे. वय ५८. मार्चमध्ये मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता जळगावला केमो चालू आहे, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि पुढे चौदा दिवस गोळ्या. आठपैकी तीन सायकल झाल्या. परवाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.१ आलं.

काल सकाळी ती दादरच्या (ज्वारीच्या) पिठाचा गोळा मळत होती. निम्मा मळून झाला आणि परातीच्या काठावर दोन्ही हात टेकून तशीच उभी राहिली. मी धावलो तर म्हणाली, "माले दम लागस रे भाऊ." नखं बघितली, पार पांढरी. आयुष्यभर पहाटे पाचला उठून वीस माणसांच्या भाकरी थापलेली बाई आहे ही.

घरात तीन मतं पडली आहेत. मावशी रोज दोन वेळा बीट-गाजराचा कच्चा रस देते. काका म्हणतात माझं रक्त जुळतं, आजच दोन पिशव्या चढवा. डॉक्टर म्हणाले लोहाची सलाईन देऊ, पण आधी अजून तपासण्या करू. या तपासण्यांतच वेळ जाईल का, अशी भीती वाटते.

भीतीला कारण आहे. कॅन्सर कळण्याआधी आठ महिने एका दवाखान्यात "रक्त कमी आहे" म्हणून तिला लोहाच्या गोळ्या देत होते. रक्त जातंय कुठे, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, ते मनातून जात नाही. म्हणून या वेळी समजून घ्यायचं ठरवलं आहे. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी लिहा.

मंदाताई_यावल

भाऊ, आधी आईला माझा नमस्कार सांग. माझं स्तनाच्या कॅन्सरचं सगळं २०१७ मध्ये झालं. चौथ्या केमोनंतर हिमोग्लोबिन ८.६ होतं. न्हाणीघरातून खाटेपर्यंत यायचं तर मध्ये भिंतीला टेकावं लागायचं. सासरचे लोक चांगले, तरी एक-दोघांच्या तोंडून "आता काम नको वाटतं हिला" निघालंच. त्याचं जास्त लागलं. म्हणून आधी हे सांगते की घरात सगळ्यांना बसवून सांग, हा थकवा आळस नाही. झोप घेऊनही जात नाही असा थकवा असतो तो.

रसाबद्दल म्हणशील तर मीही प्याले. लघवी लाल झाली तेव्हा घाबरून रात्री अकराला दवाखान्यात फोन केला होता. बीटाचा रंग होता तो. हिमोग्लोबिन मात्र रसाने तसूभरही हललं नाही.

केळीवाला_रावेर

मंदाताईंचा अनुभव मान्य, पण बीट, डाळिंब, गव्हांकुर यांनी फायदा झालेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. माझ्या मेहुण्याला केमो चालू आहे, आम्ही त्याला गव्हांकुराचा रस देतो. निसर्गाचं अन्न आहे, त्याने अपाय कसला होणार? डॉक्टर लोकांना आहारावर विश्वासच नसतो.

डॉ_सातपुडा (शहादा)

मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण आमच्याकडचे बरेच रुग्ण दोन केमोंच्या मधल्या काळात माझ्याकडेच येतात, म्हणून लिहितो. इथे आईंना न तपासता औषध सांगणार नाही. काय विचारायचं तेवढं सांगतो.

"रक्त कमी" हे लक्षण झालं. त्याची कारणं बरीच असतात आणि कॅन्सरच्या रुग्णात दोन-तीन एकदम असू शकतात. केमोने हाडातला मगज दबतो, नवीन पेशी कमी बनतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हा घसारा पहिल्या केमोला दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्याला दिसतो. दुसरं, आतड्याचा, पोटाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तर थोडं थोडं रक्त जात राहिलेलं असतं आणि शरीरातला लोहाचा साठा आधीच संपलेला असतो. तिसरं कारण लोकांना माहीत नसतं. आजारामुळे शरीरात दाह (आतली सूज) असतो, तेव्हा यकृत हेपसिडीन नावाचं द्रव्य जास्त बनवतं. ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवतं आणि साठ्यातलं लोहही बाहेर सोडत नाही. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप. अशा वेळी तोंडाने दिलेली गोळी असो की बीट, बरंचसं शौचावाटे निघून जातं.

आईंच्या बाबतीत चौथी गोष्ट. उजव्या बाजूचं आतडं काढताना लहान आतड्याचं शेवटचं टोकही काढतात, आणि रक्त बनवायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं. आई शाकाहारी असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर बी-१२ तपासाच.

म्हणून सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) एमसीव्ही (लाल पेशीचा आकार), रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला मिळणारं लोह), बी-१२, फोलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघतात. फेरिटिन एकटं बघून फसू नका. दाह असला की ते खोटं वर दिसतं. फेरिटिन ठीक पण सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे कुलूप लागलेलं आहे असं समजा. या तपासण्यांना आठवडे लागत नाहीत. एकाच वेळच्या रक्तात होतात.

केळीवाला, आहारावर आमचा विश्वास आहे. पण हिशेब बघा. शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम असतं. आणि गव्हांकुर कच्चा असतो, ओलाव्यात वाढतो. केमोने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना कच्च्या रसातून जंतू गेले तर ते महागात पडतं. माझ्याकडे असा एक रुग्ण तापाने फणफणून आला होता. मेहुण्यांना तो रस बंद करा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

केळीवाला_रावेर

पटत नाही पूर्ण. पण तापाचं लिहिलंत ते घरी सांगतो.

रक्तपेढीतला (धुळे)

काकांच्या रक्ताबद्दल मला लिहिलंच पाहिजे. एकोणीस वर्षं हेच काम करतो आहे.

आपल्याकडे माणसं प्रेमाने धावून येतात, "माझंच रक्त द्या माझ्या बहिणीला" म्हणतात. पण सख्ख्या नात्यातल्या माणसाचं रक्त तसंच चढवणं हे परक्याच्या रक्तापेक्षा जास्त धोक्याचं असू शकतं. पेशींचा मेळ बराच जुळत असल्याने दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात परक्या म्हणून ओळखल्याच जात नाहीत. त्या तिथे रुजतात आणि रुग्णावरच उलटतात. क्वचित घडतं, पण घडलं तर वाचणं अवघड. ते टाळायला अशी पिशवी किरण देऊन मगच वापरायची असते, आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नाही. मार्ग सोपा आहे. काकांनी पेढीत रक्तदान करावं, आईंना दुसऱ्या दात्याची जुळलेली पिशवी मिळेल. काकांचं रक्त दुसऱ्या कुणाच्या आईला जाईल. (काका आईचे दीर असतील तर रक्ताचं नातं नाही, पण सख्खे भाऊ-मुलं यांच्याबाबत हे लक्षात ठेवा.)

आणि एकदम दोन पिशव्या कशाला? एका पिशवीने साधारण एक ग्रॅम हिमोग्लोबिन वाढतं. एक द्यायची, माणूस बघायचा, रक्त तपासायचं, मग दुसरी. वयस्क किंवा कमजोर हृदयाच्या माणसाला घाईत दोन दिल्या तर छातीत पाणी भरू शकतं.

मे महिन्यातली एक गोष्ट. बाहेर ४४ अंश, आणि एक मुलगा पिशवी शर्टाच्या आत, छातीशी धरून निघाला. का, तर "थंड आहे साहेब, आईला थंडी वाजेल." मी त्याला हाताला धरून परत आणला. पिशवी थर्माकोलच्या खोक्यातच न्यायची, बर्फ थेट लावायचा नाही, गोठलं तर पेशी फुटतात. गरम पाण्यात तर कधीच ठेवायची नाही. फ्रीजबाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपली पाहिजे. पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. थंडी, ताप, खाज, कंबरेत कळ, धाप, काहीही वाटलं तरी सिस्टरला हाक मारा.

अहिराणीमाय

भाऊ, तुनी मायले मना रामराम सांग. मनी नणंद बी अशीच व्हती. एक डाव ताटभर जेवाडू नको, दोन-दोन तासले थोडं थोडं खावाड.

चाळीसगावकर

वडिलांचा अनुभव सांगतो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला. २०१९ मध्ये परळला टाटामध्ये ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. हिमोग्लोबिन १२ वरून ९.२ वर आलं. डॉक्टरांनी समजावलं की हे औषध मगजावर तर परिणाम करतंच, शिवाय मूत्रपिंडावरही करतं, आणि रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातूनच निघतं. म्हणून दोन्ही बाजूंनी मार.

मग धर्मशाळेतल्या शेजारच्या माणसाने सांगितलं, त्याच एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं, त्याच्या भावाला डायलिसिसला देतात, झटकन वाढतं. मी डॉक्टरांच्या मागेच लागलो. ते शांतपणे म्हणाले, तुमच्या वडिलांचा आजार बरा करायच्या हेतूने आपण उपचार करतो आहोत, अशा रुग्णाला हे देत नाही. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि मान-डोक्याच्या कॅन्सरच्या काही चाचण्यांत ही इंजेक्शनं घेतलेल्यांचा आजार जास्त बळावला होता. अमेरिकेत २००७ पासून या औषधांवर त्याचा ठळक इशारा छापलेला असतो. ज्यांचा आजार आटोक्यात ठेवणं एवढाच हेतू आहे, केमो चालू आहे आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे, अशांना विचार करून देतात. वडिलांना एकच पिशवी लागली. आज ते शेतात जातात.

जाता जाता सांगतो, ज्यांना मुंबईला जावं लागतं त्यांनी रेल्वेची सवलत घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरला भाडं लागत नाही, सोबतच्या एकाला पाऊण माफ. हॉस्पिटलकडून विहित नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. आम्हाला हे चौथ्या फेरीला कळलं.

मंदाताई_यावल

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत होतात का तुम्ही? आमच्या गावचे दोन जण तिथे राहून उपचार घेऊन आले.

चाळीसगावकर

हो ताई, तिथेच. त्या माणसांचे उपकार आहेत आमच्यावर.

नंदुरबारची_सून

मी धडगाव भागात नर्स आहे. आमच्याकडे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे, म्हणून माझी सवयच झाली आहे: कुणाचंही रक्त कमी दिसलं की आधी ते बघायचं. कॅन्सरच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी आलं की सगळे केमोवर ढकलतात. आमच्या एका बाईंचं जन्मापासूनच कमी होतं आणि वर्षानुवर्षं लोहच देत होते. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) केली तेव्हा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष निघाला. लोहाचा साठा भरपूर होता, वरून आणखी लोह देणं चूकच.

डॉ_सातपुडा (शहादा)

सिस्टर, फार महत्त्वाचं लिहिलंत. एमसीव्ही फार कमी आहे पण लोह मात्र ठीक आहे, असं दिसलं तर एचपीएलसी एकदा कराच. ती आणि लोहाच्या तपासण्या रक्त चढवायच्या आधीच्या नमुन्यावर करायच्या. नंतर दात्याचं रक्त मिसळलेलं असतं, मग काही उमगत नाही. घाईघाईत पिशवी लावली आणि कारण कायमचं झाकलं गेलं, असं फार वेळा पाहतो. बोरीकाठचा, तुमचे डॉक्टर आधी तपासण्या म्हणाले ते यासाठीच असावं.

थांबायचं नाही अशी वेळही सांगतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, हृदयविकार असेल तर ८ च्या खाली, किंवा आकडा काहीही असो, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी चिकट काळी शौच. लगेच दवाखाना गाठा, तिथे बहुधा पिशवीच लागते. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती घट्ट असते, चिकट आणि उग्र वासाची नसते. ताप १००.४ च्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी फोन करा.

लोखंडी_तवा (पारोळा)

मग आहाराला काहीच किंमत नाही का? आमची आजी लोखंडी कढईत आमसूल घालून भाजी करायची. बाजरी, अळीव, तीळ, गूळ हे सगळं उगाच सांगत आले का जुने लोक?

मंदाताई_यावल

किंमत आहेच! मी रसावर बोलले, जेवणावर नाही. लोखंडी कढईत आंबट भाजीत लोह उतरतं हे डॉक्टरही सांगतात. मला आहारवाल्या बाईंनी डाळ, उसळ, अंडं, दूध, शेंगदाणे वाढवायला सांगितलं होतं, कारण पेशी बनवायला प्रथिनंही लागतात. आणि चहा! जेवणावर आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे तर पाहुणा दारात दिसला की आधण चढतं. मी गोळी आणि चहात दोन तासांचं अंतर ठेवलं. लिंबू पिळलेलं वरण आणि गोळी, असं जमवलं होतं. पित्ताची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, तिनेही लोह कमी शोषलं जातं.

केमोत माझ्या जिभेला सगळं राखेसारखं लागायचं. एक दिवस कळण्याची भाकरी आणि ठेचा मागितला. ठेचा सोसला नाही, तोंड आलेलं होतं. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. तेव्हा भाऊ, आईला काय खावंसं वाटतं ते विचार. यादी नंतर.

बोरीकाठचा (अमळनेर)

सगळ्यांना हात जोडून. काका आईचे सख्खे भाऊच, म्हणजे माझे मामा. घरात सगळे काका म्हणतात. त्यांना रक्तपेढीतल्या दादांचं वाचून दाखवलं. गप्प झाले, मग म्हणाले, "मी रक्त दिसू, मंग ते कोनले बी जावो."

मावशीला रस बंद कर म्हटल्यावर ती रडली. तिच्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. आता बीट उकडून कोशिंबीर करते.

आईला थंड काही चालत नाही. केमोच्या सलाईननंतर पाच-सहा दिवस फ्रीजला नुसता हात लावला तरी बोटांत झिणझिण्या येतात. रक्ताची पिशवी थंड असते, मग तिला त्रास होईल का, अशी एक शंका आहे.

रक्तपेढीतला (धुळे)

चांगली शंका आहे. पिशवी लावेपर्यंत आणि हळूहळू जाताना तिची थंडी बरीच कमी होते. तरी तुमच्या केमोच्या डॉक्टरांना हे सांगून ठेवा, म्हणजे केमोला लागूनच पिशवी द्यायची नाही हे त्यांना ठरवता येईल. घरी गरम करायचा प्रयत्न मात्र नको.

चाळीसगावकर

लोहाची सलाईन कुणाला दिली आहे का? ती कशी असते तेही लिहा. आमच्या चुलतीला सांगितली आहे.

नंदुरबारची_सून

दोन प्रकार जास्त वापरात आहेत. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच-सहा फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत. महाग आहे, पण लांबून येणाऱ्याचं गाडीभाडं आणि मजुरी धरली तर फरक फार राहत नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवतो, कारण क्वचित कुणाला अ‍ॅलर्जी होते. सुई लावल्यावर जागा दुखली, फुगली तर लगेच सांगा. सलाईन शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना देत नाहीत. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट काढून निराश होऊ नका.

डॉ_सातपुडा (शहादा)

कार्बोक्सिमाल्टोजनंतर काहींचं फॉस्फेट खाली जातं आणि अशक्तपणा उलट वाढल्यासारखा वाटतो. तसं झालं तर तपासायला सांगा.

बोरीकाठचा (अमळनेर)

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशीर झाला.

तपासण्या आल्या: एमसीव्ही ७४, फेरिटिन १६५, सॅच्युरेशन फक्त ९ टक्के, बी-१२ १४०. एचपीएलसी नॉर्मल. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं कुलूप होतं, आणि बी-१२ सुद्धा. पिशवी लागली नाही. १००० मिलिग्रॅमची लोहाची सलाईन दिली, बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. चौथी केमो वेळेवर झाली, पाचवीच्या आधीचं हिमोग्लोबिन ९.७.

थकवा संपलेला नाही. तीन वाजता झोपतेच. पण अंगणातून तुळशीपर्यंत आणि परत अशा सहा फेऱ्या मारते, मामा मोजतात. उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसते, मग उभी राहते. गुरुवारी फॉस्फेट तपासायला सांगितलं आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आता ती स्वतः वहीत लिहायला सांगते.

केळीवाला_रावेर

बोरीकाठचा, वाचून बरं वाटलं. रस आम्ही त्याच आठवड्यात बंद केला. आज मेहुण्याचा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ७.९, एमसीव्ही ६६, फेरिटिन ३१०, सॅच्युरेशन ३४. उद्या सकाळी पिशवी लावणार म्हणतात. डॉक्टरसाहेब, वर तुम्ही आणि सिस्टरांनी लिहिलं होतं तसंच दिसतंय का हे?

डॉ_सातपुडा (शहादा)

दिसतंय तसं. पिशवी लागत असेल तर अडवू नका, पण ती लावण्याआधी एचपीएलसीचा नमुना काढून ठेवायला सांगा. आज रात्रीच वॉर्डात फोन करा.

केळीवाला_रावेर

केला. सकाळी सहाला नमुना घेतील, पिशवी नऊला.